चुलीचा धूर घरातच का राहतो? गणित आहे धुरांड्याच्या पाइपात

गॅस घरोघरी पोहोचला, मग चुलीवर चर्चा कशाला? कारण चूल गेलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) ग्रामीण भारतात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबं होती फक्त 43.2 टक्के. उज्ज्वला योजना 2016 पासून सुरू आहे, तरी सिलिंडर महाग वाटला की अनेक घरांत पुन्हा चूल पेटते. आमच्या गावच्या घरीसुद्धा.

उंची काय करते?

गरम हवा हलकी असते, म्हणून वर जाते. पाइप जितका उंच आणि आतला धूर जितका गरम, तितकी ओढ जास्त. मी हिशोब करून पाहिला. बाहेर 25 अंश, पाइपात 150 अंश आणि उंची 3 मीटर धरली, तर ओढ येते साधारण 10 पास्कल. धूर 80 अंशांपर्यंत थंड झाला की तीच ओढ जवळपास निम्मी! म्हणजे नुसती उंची वाढवून भागत नाही, धूर गरमही राहायला हवा. शिवाय उंची दुप्पट केली तरी धुराचा प्रवाह फार तर 1.4 पट होतो. आणि ओढ गरजेपेक्षा जास्त झाली, तर भांड्याला मिळायची उष्णताच वर निघून जाते.

पाइप कोणता?

आमच्याकडे 4 ऐवजी 3 इंची पाइप बसवला होता, वर दोन काटकोनी बेंड. तेवढाच धूर 3 इंची पाइपातून न्यायला सुमारे चौपट जोर लागतो. त्यात काजळी साचली की वाट आणखी अरुंद. पातळ पत्र्याचा पाइप लवकर थंड होतो आणि गंजतो. ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. पाइप शक्यतो सरळ ठेवा आणि त्याचं तोंड छपराच्या वर काढा. पत्र्याखालीच सोडलात तर धूर घरात परत येणारच.

मग सरकारी चुली का फसल्या?

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1980च्या दशकात सुरू झाला आणि 2002 मध्ये गुंडाळला गेला. पुढे ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी चिमणीवाल्या चुलींचा काही वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला, नंतर तो फायदा पुसला गेला. चुली नीट राखल्या गेल्या नाहीत, वापरही घटला. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो: लाँच जोरात, मेंटेनन्सला कुणीच नाही.

माझं मत सांगतो. चुली किती वाटल्या हे मोजण्यापेक्षा दोन वर्षांनी किती धुरांडी ओढतात हे मोजा. अर्थात धुरांडं धूर संपवत नाही, फक्त घराबाहेर काढतं. खरा उपाय परवडणारा गॅस किंवा वीजच.

तोवर गावी गेलात की एक टेस्ट करा. पेटत्या चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. उदबत्तीचा धूर आत गेला तर ठीक. बाहेर आला, तर पाइप साफ करायची वेळ झालीये. आईला सांगू नका, चूल विझल्यावर स्वतः करा.