पंच्याहत्तर टक्के म्हणजे किती?

‘फायर एम्ब्लेम’ या डावपेचांच्या जपानी व्हिडिओ-खेळमालिकेत वार लागण्याची शक्यता टक्क्यांत दाखवितात. १९९० च्या पहिल्या खेळात संगणक शंभराच्या आतली एकच यादृच्छिक संख्या काढी. ती दाखविलेल्या आकड्याहून लहान निघाली की वार लागला. २००२ च्या खेळापासून बरीच वर्षे तो दोन संख्यांची सरासरी घेई. दोन फाशांची बेरीज सातच्या आसपास अधिक वेळा येते ना, तसेच हे. त्यामुळे दाखविलेले ७५ टक्के प्रत्यक्षात सुमारे ८८ भरतात! खेळ सुखाचा झाला खरा, पण मला ही लबाडी वाटते. चारांतला एक वार हुकतो, हे जुना खेळ तरी शिकवीत होता. ‘समुद्र शांत राहण्याची शक्यता ७५ टक्के’ असे ऐकून मिरकरवाड्याहून होडी लोटणाऱ्याला त्या चौथ्या दिवसाचा हिशेब करावाच लागतो.