पाहुणी की शिकाऊ?

बरेच दिवस इकडे काही लिहिणे झाले नाही. गुडघ्याने उच्छाद मांडला होता. असो.

परवा संगणक उघडला तर नेदरलँड्सहून पत्र आलेले. दोन वर्षांपूर्वी आमच्या माडीवर राहून गेलेल्या मुलीचे. सोबत तिने कॉलेजला दिलेला अहवालही होता. माझे इंग्रजी बेताचेच, त्यामुळे शब्दकोश घेऊन दोन संध्याकाळी बसलो. हुपरीचे कौतुक पानोपानी आहे. सौ.च्या तांबड्या रश्श्यावर तर अख्खा परिच्छेद! पण मधेच एक वाक्य भेटले आणि माझी झोप गेली. "त्या बाईंना मी एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मला मिळाले नाही."

ती दागिने घडवण्याचे शिक्षण घेत होती. भारतात आठ आठवड्यांची इंटर्नशिप होती. भाचा कोल्हापुरात ज्या संस्थेत आहे, तिच्यामार्फत त्यातले तीन आठवडे हुपरीला मिळाले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. हातकणंगले तालुक्यातले आमचे हे गाव चांदीचे. इथली पैंजणे देशभर जातात. पण एक पैंजण एका घरात होत नाही. चांदी एकीकडे आटवतात, तार दुसरीकडे ओढतात, घुंगरू तिसऱ्या घरी, कड्या जोडणे चौथ्या घरी, आणि शेवटी उजळा आणखी कुठे. कड्या जोडायचे काम बरेचसे बायका करतात, घरचे सगळे आवरून, दारात उजेडाला बसून. शिकायला यावे असे गाव आहे खरे.

आणि आम्ही तिला काय शिकवले? पहिल्या दिवशी चहाचे नऊ कप पाजले (तिने मोजले होते, अहवालात आकडा आहे). जिथे जाईल तिथे प्लॅस्टिकची खुर्ची, थंड पेयाची बाटली आणि फोटो. तिसऱ्या दिवशी तर शाल, श्रीफळ, फेटा! अजून एक कडी जोडलेली नाही आणि सत्कार झालासुद्धा. भाषण मीच केले. "अतिथी देवो भव"ने सुरुवात केली होती, ते आठवून आता अवघडल्यासारखे होते.

आमच्या शाळेत बी.एड.ची मुले पाठ घ्यायला यायची, त्यांना आम्ही कधी खुर्ची दिली का हो? मागच्या बाकावर बसा, आधी वर्ग बघा, तक्ते स्वतः करून आणा. पाठ फसला तर मुलांदेखत नाही, पण स्टाफरूममध्ये चांगली हजेरी घ्यायचो. त्यातले काही आज मुख्याध्यापक आहेत. शिकणाऱ्याला जमिनीवर बसू द्यावे लागते. परदेशाहून आलेल्याला मात्र आपण बसूच देत नाही. गोरा रंग पाहिला की आपण एकतर दबतो नाहीतर मिरवतो.

तिचे शिक्षण झाले ते एकाच दुपारी. आमच्या मागच्या आळीतल्या एका बाईंकडे ती माझ्या नकळत जाऊन बसली. भाषेचा पत्ता नाही. बाईंनी चिमटा हातात दिला. दोन तासांत अकरा कड्या, त्यातल्या सात वाकड्या. बोट भाजले. बाई खेकसल्या, "आगं आसं न्हवं, डोळं कुठं हायत तुझं?" अहवालात हे वाक्य तिने रोमन लिपीत जसेच्या तसे लिहिले आहे, आणि पुढे लिहिले आहे की या तीन आठवड्यांत मला प्रथमच कुणी रागावले.

दुसऱ्या दिवशी दुभाषा म्हणून ती मला घेऊन गेली. तिने विचारले, या कामाचे किलोमागे तुम्हाला किती मिळतात, आणि हा दर कोण ठरवतो? तेवढ्यात माल देणारे गृहस्थ दारात आले. ओळखीचे, रोजच्या बैठकीतले. मी बाईंना विचारले, "काम आवडतंय का, असं विचारत्या ती." बाई म्हणाल्या, "आवडतंय की." मी इंग्रजीत सांगितले, त्या समाधानी आहेत.

छत्तीस वर्षे मुलांना 'खरे बोलावे' शिकवणाऱ्या माणसाने हे केले. गावाचे नाव खराब होऊ नये म्हणून, असे त्या वेळी मनाशी म्हटले होते.

म्हणून आता माझे स्पष्ट मत झाले आहे. परदेशी विद्यार्थी जरूर यावेत, पण चार वाक्ये तरी मराठी शिकून यावेत, आमच्यासारख्या मध्यस्थांच्या तोंडाकडे बघत बसू नये. मॅक्सीन बर्नसन 1966 साली फलटणला आल्या, त्या लोकांची रोजची बोली अभ्यासण्यासाठी. पुढे जाई निंबकरांबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तके लिहिली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात कासेगावला गेल ऑम्व्हेट राहिल्या. त्याही आल्या संशोधक विद्यार्थिनी म्हणूनच, आणि 2021 साली गेल्या त्या कासेगावच्याच होऊन. सगळ्यांनी जन्मभर राहावे असे कोण म्हणतो? पण तीन आठवड्यांतही माणूस दुभाष्याशिवाय "किती मिळतात?" एवढे विचारू शकतो.

आणि यजमानांनी जामखेडकडे बघावे. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे काम सुरू केले. खेड्यातल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य सेविका केले. जगभरातून शिकायला आलेल्या डॉक्टर मुलामुलींना त्याच बायका धडे देऊ लागल्या. शिकवणारी बाई कोण आणि शिकणारा कोण, यात तिथे गोंधळ नव्हता. आमच्याकडे मात्र बाई कोपऱ्यात उभी, शिकणारी खुर्चीत, आणि बोलणारा मी.

काही वाचक म्हणतील, सर, पाहुणचार करणे हा काय गुन्हा? मुळीच नाही. रस्सा वाढावा, पोळी वाढावी. पण घरचा पाहुणचार घरी. कामावर आलेल्याला काम द्यावे, चुकले तर बोलावे, आणि विचारले त्याचे खरे उत्तर द्यावे, भले ते आपल्याला अडचणीचे असेल.

काल सकाळी काठी घेऊन त्या बाईंकडे गेलो. दारातच बसल्या होत्या, पुढ्यात कड्यांचा ढीग. त्यांनी उठून खुर्ची आणायला घेतली. नको म्हटले आणि पायरीवर टेकलो. मग दोन वर्षांपूर्वीचा प्रश्न, तिने विचारला होता तसाच, विचारला. बाईंनी हातातली कडी पुरी केली, दर सांगितला, कोण ठरवतो तेही सांगितले. ते मी रात्रीच नेदरलँड्सला कळवले. इथे लिहीत नाही, कारण बाईंना याच गावात काम करायचे आहे.

निघताना त्या म्हणाल्या, "सर, त्या पोरीनं ह्येच इचारलं हुतं न्हवं? मला तवाच वाटलं हुतं."