ब्लॉक जोडणे हेही प्रोग्रॅमिंगच

पडद्यावर रंगीत ब्लॉक सरकवून मोबाइल ॲप बनवणे हा पोरखेळ आहे, खरे प्रोग्रॅमिंग कोड टाइप केल्यावरच सुरू होते, असे अनेक जाणकार ठामपणे सांगतात. त्यांचे आक्षेप मुख्यतः तीन आहेत: ब्लॉक जोडताना डोके चालवावे लागत नाही, त्यांची सवय जडली की जावा किंवा पायथन जड जाते, आणि त्यांतून कामाचे ॲप काही निघत नाही. हे आक्षेप तपासून पाहण्याजोगे आहेत, कारण त्यांच्या जोरावर नवशिक्यांच्या हातातून एक उत्तम साधन काढून घेतले जाते.

पहिला आक्षेप ‘एमआयटी ॲप इन्व्हेंटर’वर घासून पाहू. एमआयटीचे प्राध्यापक हॅल ॲबेल्सन यांच्या पुढाकाराने गूगलमध्ये घडलेले हे साधन २०१० मध्ये लोकांसमोर आले आणि २०१२ पासून ते एमआयटी चालवते. त्यात अर्धविराम विसरणे, कंस उघडा राहणे, स्पेलिंग चुकणे या अडचणी जवळपास उरत नाहीत. उरते ते सगळे विचाराचे काम. बटण दाबल्यावर काय व्हावे, यादी रिकामी असेल तर काय दाखवावे, जीपीएसला ठिकाण सापडलेच नाही तर पुढे काय, हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. व्हेरिएबल, अट, लूप, प्रोसीजर यांतले काहीही टळत नाही. तर्क चुकला तर ब्लॉक नीट बसूनही ॲप चुकीचेच वागते, आणि ती चूक शोधण्याची मेहनत कोणत्याही भाषेत सारखीच असते. कमी झाला तो टंकलेखनाचा जाच. त्यालाच बुद्धीची कसोटी मानणे चूक आहे.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देणारा पुरावा उपलब्ध आहे. डेव्हिड वाइनट्रॉप आणि उरी विलेन्स्की या संशोधकांनी अमेरिकेतील एका हायस्कुलात दोन वर्गांची तुलना केली. एक वर्ग ब्लॉकवर शिकला, दुसरा मजकुरी कोडवर. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ब्लॉकवाल्यांची प्रगती अधिक झाली आणि पुढे संगणकशास्त्र शिकण्याची त्यांची इच्छाही अधिक दिसली. मग दोन्ही वर्ग जावाकडे वळले, आणि दहा आठवड्यांनी दोघांत फरक उरला नाही. म्हणजे ब्लॉकने मिळालेली आघाडी टिकली नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण सवयीने नुकसान होत असते, तर तो वर्ग मागे पडायला हवा होता. तसे झाले नाही.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण अपुरे. शेकडो ब्लॉकचा पसारा वाचणे कठीण होते आणि मोठ्या व्यावसायिक ॲपसाठी ॲप इन्व्हेंटर हे साधन तोकडे पडते. मात्र उपयोग मोजायचा तो वापरणाऱ्याच्या गरजेवरून. धारावीतल्या मुलींनी याच साधनातून सार्वजनिक नळावरच्या पाण्याच्या रांगेसाठी ‘पानी’ आणि महिलांच्या सुरक्षेसाठी ‘विमेन फाइट बॅक’ ही ॲप बनवली. रोजच्या जगण्यातली अडचण ओळखून तिचे टप्पे पाडणे आणि ते यंत्राला समजतील असे मांडणे, हे प्रोग्रॅमरचेच काम आहे.

म्हणून ब्लॉक की कोड, हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. सुरुवात ब्लॉकने करावी, कारण केलेला बदल जोडलेल्या फोनवर लगेच दिसतो आणि आपल्याला हे जमते असा विश्वास येतो. पण तिथेच थांबू नये. ॲप चालू लागले की त्यामागचा तर्क विद्यार्थ्याने आधी साध्या मराठीत लिहावा, मग तोच पायथनमध्ये उतरवावा. ब्लॉकवर मिळालेली आघाडी टिकवायची तर हा पूल शिक्षकालाच बांधावा लागेल. आणि परीक्षा घ्यायची तर ॲप असे का वागते, हे विद्यार्थ्याला सांगता येते का, याची घ्यावी. ज्याला ते सांगता येते, तो प्रोग्रॅमिंग शिकला आहे. मग त्याने कोड टाइप केलेला असो वा ब्लॉक जोडलेले असोत.