मालवाहू गाडीची ताकद वाढवावी काय?

शेतमाल बाजारपेठेत नेण्यासाठी भाड्याच्या ट्रकची वाट पाहत बांधावर बसण्याचे दिवस बागायती भागांत बरेच मागे पडले आहेत. नाशिक, पुणे, सांगली या जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत आता शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीची डिझेलवर चालणारी लहान मालवाहू गाडी, म्हणजे लोक जिला पिकअप म्हणतात ती, अंगणात उभी दिसते. ती बहुधा कर्जाने घेतलेली असते व तिचे हप्ते टोमॅटो, मिरची किंवा द्राक्षे यांच्या पैशांतून फिटावयाचे असतात. या गाड्यांच्या मागोमाग एक नवा प्रश्न गावात आला आहे. तालुक्याच्या ठिकाणचा कोणी कारागीर स्टिअरिंगखालच्या खाचेत तार जोडतो, लॅपटॉपवर काही आकडे बदलतो आणि थोड्या वेळात इंजिनाची ताकद चौथ्या हिश्श्याने वाढवून देतो, असे सांगितले जाते. यासच रीमॅप म्हणतात. त्यासाठी काही हजार रुपये मोजावेत की नाही, असे शेतकरी एकमेकांस विचारतात आणि आता गावपातळीवरील कार्यकर्त्यांसही विचारू लागले आहेत. गाडी हे आज शेतीचेच एक अवजार झाले असल्यामुळे हा प्रश्न शेतीबाहेरचा म्हणून टाळता येण्याजोगा नाही.

या क्रियेत गूढ असे काही नाही. विहिरीवर ऑइल इंजिन चालविलेल्या जुन्या शेतकऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. फक्त तिचे नाव बदलले आहे. पाणी खोल गेले, पंपावर ओझे वाढले, की मिस्त्री इंधनपंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवून देई. इंजिन जोर धरी, धुराड्यातून काळा धूर निघे, आणि एकदोन हंगामांनी पिस्टन व रिंगा बदलण्याची वेळ येई. आजच्या गाडीत तो स्क्रू नाही. त्याच्या जागी इंजिनाचा संगणक आहे. कोणत्या वेगाला, किती ओझ्याला, किती डिझेल, किती दाबाने व कोणत्या क्षणी सोडावयाचे आणि टर्बोने किती हवा दाबून भरावयाची, याची कोष्टके त्यात साठविलेली असतात. ही कोष्टके बदलून डिझेल व हवा दोन्ही वाढविणे म्हणजे रीमॅप. डिझेल वाढले आणि हवा त्या मानाने वाढली नाही, तर काळा धूर पूर्वीइतकाच खात्रीने निघतो.

आता या गोष्टीची चांगली बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती अगदीच खोटी नाही. निर्माते आपल्या इंजिनात काही ताकद राखून ठेवतात, हे खरे आहे. एकच इंजिन एका गाडीत कमी व दुसरीत जास्त अश्वशक्तीचे म्हणून विकले जाते, हेही खरे आहे. जाणत्या हाताने केलेला माफक बदल पुष्कळ इंजिने काही काळ सहन करतात. परंतु राखून ठेवलेली ही ताकद निर्माता विसरून गेलेला नसतो. विदर्भातील मे महिन्याचे ऊन, फुफाट्याचा रस्ता, वेळेवर न बदललेली हवागाळणी, कोठून तरी भरलेले भेसळीचे डिझेल, या सर्वांतूनही इंजिन वर्षानुवर्षे टिकावे म्हणून ती शिल्लक असते. जास्त अश्वशक्तीच्या भावंडाला पुष्कळदा निराळा टर्बो, मोठी क्लच प्लेट किंवा निराळा गिअरबॉक्सही दिलेला असतो. लॅपटॉपने आकडे बदलतात. क्लच प्लेट बदलत नाही.

रीमॅपने डिझेल वाचते, हा दावा तर जपूनच घ्यावा. 1 लिटर डिझेलमध्ये जेवढी ऊर्जा आहे तेवढीच ती राहते. आकडे बदलून तिच्यात भर पडत नाही. हलक्या पायाने चालविणाऱ्यास थोडाफार फरक दिसेलही. पण ज्याने ताकदीसाठी पैसे मोजले, तो हलक्या पायाने कितीसा चालविणार?

तेव्हा खरा प्रश्न असा की, ताकद कमी पडते तरी कोठे? याचा हिशेब कोणालाही करता येईल. 75 किलो वजन एका सेकंदात 1 मीटर उचलण्यास जी शक्ती लागते, ती 1 अश्वशक्ती होय. समजा, मालासह 3 टन वजनाची गाडी ताशी 40 किलोमीटर वेगाने चढ चढत आहे, आणि चढ असा की 20 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर उंची वाढते. या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 11 मीटर पुढे, म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडी जास्त वर जाते. 3,000 किलो वजन तेवढे उचलण्यास सुमारे 22 अश्वशक्ती पुरते. चाकांचे घर्षण, वाऱ्याचा अडथळा व गिअरमधील झीज धरली, तरी बेरीज 35 च्या आत राहते. या वर्गातील पुष्कळ गाड्यांची इंजिने 70 ते 80 अश्वशक्तीची आहेत. म्हणजे लागणारी ताकद दुपटीने हाताशी असते.

मग गाडी चढावर का रडते? एक कारण असे की, इंजिन आपली पूर्ण ताकद विशिष्ट फेऱ्यांनाच देते, आणि चालक वरच्या गिअरचा मोह सोडत नाही. दुसरे कारण बिघाडाचे. हवागाळणी धुळीने भरलेली, टर्बोची रबरी नळी चिरलेली, ब्रेक चाकाला घासत असलेला, टायरमध्ये हवा कमी किंवा धुरातील काजळी अडविणारी गाळणी तुंबलेली, यांपैकी काही ना काही पुष्कळदा सापडते. काजळीची गाळणी तुंबली की संगणक आपण होऊन ताकद कमी करतो. शेतापासून गावापर्यंत अशा लहान खेपांत गाळणीस स्वतःतील काजळी जाळण्याइतकी उष्णता मिळत नाही; अधूनमधून मोठ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास एकसारखी गाडी चालविली, तर हा त्रास बराच कमी होतो. अशा आजारी गाडीवर रीमॅप करणे म्हणजे लंगड्या बैलाला पराणी टोचण्यासारखे आहे.

तिसरे कारण सर्वांस ठाऊक असून कोणी बोलत नाही, ते म्हणजे जादा भार.

नाशिक भागातून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्या गाडीचेच उदाहरण घ्यावे. ताकद वाढवून घेण्याची चर्चा या मार्गावरील गाडीवाल्यांत ऐकू येते आणि कसारा घाटाचे नाव हमखास निघते. पण माल भरलेली गाडी तो घाट चढत नाही, उतरते. चढते ती रिकाम्या क्रेटांची परतीची गाडी. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत रस्ता सुमारे 300 मीटर खाली येतो. 3 टनांची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे 28 लिटर साधे पाणी उकळीस आणण्याइतकी असते. तिचा काही भाग टायर, वारा व इंजिन यांत जिरतो. उरलेला सारा ब्रेकना पचवावा लागतो. रीमॅपने ब्रेकचे आकारमान वाढत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनाची जी रोध मिळते, तीही वाढत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला व त्यावरील सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाटाची वळणे टळली. तरी उतरावयाची उंची टळलेली नाही.

आणि ताकद वाढली की माणूस काय करतो, हे वेगळे सांगावयास नको. गाडी ओढते आहे असे दिसले की 20 क्रेट अधिक चढतात. 20 किलोंच्या हिशेबाने हे 400 किलो झाले. वाशीला भाव चांगला असेल त्या पहाटे त्या 20 क्रेटांचे पैसे डोळ्यांसमोर नाचतात, यात नवल नाही. हप्ता त्यातूनच निघावयाचा असतो. परंतु पाटे, धुरा, टायर आणि ब्रेक पूर्वीच्याच भारासाठी बनविलेले आहेत, आणि त्या पहाटे गाडीत बहुधा घरचाच मुलगा, रात्रभर माल भरून जागलेला, चालकाच्या जागी बसलेला असतो. रीमॅपबद्दल घरात बोलणे निघेल तेव्हा हिशेबाच्या वहीत हीही बाब धरली जावी.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 ने नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई केली. 2019 च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आणली; जादा भारासाठी 20,000 रुपये व वरच्या प्रत्येक टनास 2,000 रुपये असा दंड ठेवला. निर्मात्याची हमी अशा बदलानंतर मागता येत नाही, आणि विमा कंपनीस न कळविता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो. कर्ज फिटावयाचे असताना हमी व विमा दोन्ही गमावणे हे मोठे धाडसच म्हणावे लागेल. काही कारागीर ताकद वाढविताना काजळीची गाळणीही काढून टाकतात. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 मानकांनुसार बनलेल्या गाडीत ही गाळणी शोभेसाठी बसविलेली नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये दिला आहे. आणि तो धूर प्रथम जातो, तो ज्या अंगणात गाडी उभी असते त्याच घरात.

कोकणातील बागायतदाराची गोष्ट मात्र वेगळी आहे. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या घेऊन आंबा घाटाने कोल्हापुरास जाणारी गाडी खरोखरच भरलेली चढते, तीही ऐन उन्हाळ्यात. ताकदीची मागणी जर कोणाची रास्त असेल तर ती याची. पण त्याच्याच गाडीला रीमॅपचा धोका अधिक आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. भर उन्हात, मंद वेगात, चढावर ती उष्णता टर्बो, सिलिंडरचे डोके आणि रेडिएटर यांच्यावर येते. घाटाच्या मध्यावर गाडी उकळली, तर पेट्यांतला आंबा दुपारच्या उन्हात तेथेच राहतो. त्याने घाट सुरू होण्यापूर्वीच गिअर उतरवावा, हंगामाआधी रेडिएटर स्वच्छ करून पाणी व पंख्याचा पट्टा पाहून घ्यावा आणि पहाटे निघावे. एवढ्यानेही काम भागत नसेल व दर हंगामात माल खरोखर वाढत असेल, तर शेजारच्या चारपाच बागायतदारांनी मिळून मोठी गाडी ठरविणे स्वस्त पडेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे कोणी हा प्रश्न घेऊन आला, तर प्रथम त्याच्याकडून नोंदणीपत्र मागून घ्यावे. त्यावर गाडीचे मालासह कमाल वजन छापलेले असते. मग पुढच्या खेपेस, माल भरल्यावर, बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या काट्यावर गाडी एकदा चढवावी आणि दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवावेत. रीमॅपचे बोलणे त्यानंतर करावे.