जर-तरची गोष्ट

यंदाच्या श्रावणातली हकीकत. पार्ल्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माईंनी लंडनच्या नातसुनेला पत्र धाडले. नातसून तिकडचीच; मराठी 'कशी आहेस' पुरते. माईंच्या मनात होते, 'दिवाळीला तुम्ही आला असतात तर आजोबांना किती बरं वाटलं असतं!' कागदावर उतरले, 'इफ यू हॅड कम फॉर दिवाळी, आजोबा वुड हॅव बीन सो हॅपी.'

पत्र पोचले त्या रात्री दोन वाजता फोन खणखणला. पलीकडे रडवेला आवाज : 'आजोबांना काय झालं?' आजोबा आतल्या खोलीत घोरत होते!

सकाळी माई माझ्याकडे आल्या. "अहो, व्याकरण तर बरोबर होतं ना?"

बरोबर होते, हीच तर अडचण. शाळेत आपण ज्याला संकेतार्थ म्हणून घोकले, ते मराठी रूप दोन कामे करते. 'पैसे असते तर पार्ल्यात घर घेतलं असतं' हे आजचे दुःख असेल किंवा तीस वर्षांपूर्वीचे. (दुसरे अधिक बोचते!) ऐकणारा संदर्भाने ओळखतो. इंग्रजीला दोन वाक्ये लागतात. आजच्यासाठी 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय'. हुकलेल्या संधीसाठी 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट'. माईंनी दुसरा साचा वापरला आणि नातसुनेला गेल्या वर्षीची दिवाळी दिसली. वेळ निघून गेली, असे तिला वाटले.

आणखी एक खोच. आपले 'असता' दोन्ही अंगांना लागते. संस्कृतातला लृङ्‌ही तसाच. म्हणून मुले 'इफ यू वुड हॅव कम' लिहितात आणि लाल शाई ओढवून घेतात. 'वुड' राहते 'तर'च्या घरी. 'इफ'च्या घरी सहसा नाही. 'विल'चेही तेच. 'उद्या पाऊस पडला तर' म्हणजे 'इफ इट रेन्स टुमारो'. आपला भूतकाळ, त्यांचा वर्तमानकाळ, आणि पाऊस मात्र उद्याचा!

"मग मी काय लिहायचं होतं?" माईंनी विचारले.

"इफ यू केम, आजोबा वुड बी हॅपी."

"पण 'केम' म्हणजे आले ना? ते अजून आलेत कुठे?"

"इथे 'केम' काळ दाखवत नाही, माई, संकोच दाखवतो. याल की नाही कोण जाणे, अशा सुरातला. सरळ बोलवायचे तर 'इफ यू कम, आजोबा विल बी हॅपी.'"

माईंनी चष्मा पुसला. "सरळच लिहिते. नातसुनेशी कसला संकोच?"

चकलीची भाजणी दळून आली आहे. विमान शनिवारी पहाटे उतरते.