लिस्बन पाहतांना

सहलीहून परतलेला मुलगा दहा इमारतींचीं नांवें सांगतो, पण त्या कशा उभ्या राहिल्या हें सांगत नाहीं. असें पाहणें आम्हांस अपुरें वाटतें. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हें याचें उत्तम उदाहरण होय.

या बंदराच्या बेलेम भागांतून १४९७ सालीं वास्को द गामा निघाला व १४९८ सालीं कालिकतला पोंचला. त्याच तीरावर पुढें जेरोनिमूशचा भव्य मठ उभारला गेला. त्याच्या खांबांवर व कमानींवर कोरलेले दोरखंड पाहून प्रवासी थक्क होतात. गामाची समाधिही तेथेंच आहे. परंतु या मठास आफ्रिकेशीं व पूर्वेशीं चालणाऱ्या व्यापारावरील सुमारें शेंकडा पांच कराचा पैसा मिळाला. मात्र मिऱ्यांवरील कर त्यांत धरलेला नव्हता. आणि याच गामानें १५०२ सालच्या सफरींत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें जहाज माणसांसह जाळलें.

कोणी म्हणतील, सहलींत हा हिशेब कशाला? दुसरे म्हणतील, असलें वैभव पाहूंच नये. आम्हांस दोन्ही मतें मान्य नाहींत. पाथरवटांचें कसब खरें, तसें त्या जहाजावरील माणसांचें मरणही खरें. एकासाठीं दुसरें विसरणें हा अन्याय होय.

आपल्या वसईच्या किल्ल्यावरही १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचाच अंमल होता. तेथें मुलांस नेतांना पालकांनीं त्यांस एवढें अवश्य विचारावें: हें कोणीं बांधलें, आणि त्याची किंमत कोणीं दिली?