लायब्ररीचं लॉगिन आणि झेरॉक्सची रांग

कॉलेज सुरू झालं की पंधरा दिवसांत समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते. द्वितीय वर्षाच्या एका मुलाने तिथून अर्थशास्त्राचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक करून आणलं होतं. स्पायरल बायंडिंग, साडेतीनशे रुपये. मी ते चाळून पाहिलं. ओळींची पहिली दोन-तीन अक्षरं तारेच्या भोकांत गेलेली, एका आलेखाच्या जागी नुसता काळा डाग, आणि एका पानाच्या कोपऱ्यात पुस्तक दाबून धरणाऱ्याचा अंगठा छापलेला. हेच पुस्तक आमच्या ग्रंथालयाच्या ई-संग्रहात होतं. मुलाला ते माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर ते पुस्तक वर्गात नेमणाऱ्या मलाही माहीत नव्हतं; ग्रंथपाल मॅडमनी दाखवलं तेव्हा कळलं.

हा संग्रह म्हणजे एन-लिस्ट. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ही योजना २०१० पासून चालवतं. अनुदानित कॉलेजाला त्यासाठी वर्षाला सहा हजारांच्या आसपास रुपये मोजावे लागतात, म्हणजे अख्ख्या कॉलेजला मिळून सोळा-सतरा स्पायरलांची किंमत. बदल्यात हजारो नियतकालिकं आणि लाखाहून जास्त ई-पुस्तकं. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र लॉगिन मिळतं. ते ई-मेलवर येतं, आणि आमच्या मुलांनी ई-मेल उघडलेला असतो तो प्रवेशअर्ज भरण्यापुरता, कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत, कॅफेवाल्याच्याच हाताने. लॉगिन तिथे पडून राहतं आणि मूल झेरॉक्सच्या रांगेत उभं राहतं.

हे स्टाफरूममध्ये काढलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘मुलं स्क्रीनवर वाचत नाहीत हो.’ ही तक्रार करणारे माझे सहकारी स्वतः सकाळची तीन वर्तमानपत्रं फोनवर वाचून आलेले असतात, ते सोडा. मुलं स्क्रीनवर काय वाचतात ते परीक्षेच्या आदल्या रात्री वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून पाहावं. कुणाच्या तरी वहीचे तिरके, अंधुक फोटो मोठे करकरून पाठ केले जातात. डोळे ते सोसतात, तर स्वच्छ छापलेलं प्रकरण का सोसणार नाहीत? सहा इंची पडद्यावर सातशे पानांचं गणित सोडवा, असं मी म्हणणार नाही. तो छळ आहे. पण आपण नेमतो ती अख्खी पुस्तकं नसतातच. एका पुस्तकातली दोन प्रकरणं, दुसऱ्यातलं एक. तेवढी कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्यावीत आणि घरी नेट असो-नसो, वाचावीत. कागदच हवा असेल तर चाळीस पानांची प्रिंट काढावी. साडेतीनशेची गोष्ट साठ-सत्तर रुपयांत होते आणि अंगठा छापून येत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार वाटतो: सगळंच फुकट दिलं तर लेखक-प्रकाशकांनी काय खावं? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफची वकिली मी करत नाही. ग्रंथालयाच्या ई-पुस्तकाचे पैसे प्रकाशकाला पोचलेले असतात. विद्यार्थ्याला ते फुकट आहे इतकंच. उलट आज ज्या झेरॉक्सवर आपण सारे निर्धास्त आहोत, तिच्यातून प्रकाशकाला दमडीही मिळत नाही. त्यावरूनच २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला होता. प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतले भाग एकत्र बांधून ते दुकान मुलांना द्यायचं. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२ व्या कलमावर बोट ठेवून शिक्षणासाठी अशी मोकळीक आहे, असं ठरवलं. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. निकाल योग्यच होता. पण ज्या वाचनाचे पैसे आधीच भरले गेले आहेत आणि ज्यावर वादच नाही, ते बाजूला ठेवून मुलांनी त्या मोकळिकीच्या आडोशाला झेरॉक्स काढत बसावं, हा कुठला न्याय?

आणि लेखकाच्या पोटाची काळजी करणाऱ्यांपैकी काहींची काळजी फार जवळची असते. अभ्यासक्रम बदलला की दोन महिन्यांत ‘नव्या पॅटर्ननुसार’ पुस्तक बाजारात येतं, मुखपृष्ठावर चार प्राध्यापकांची नावं, आणि त्या चौघांच्या वर्गांत तेच पुस्तक नेमलेलं. नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम इतक्या झपाट्याने पालटले, की मोठ्या भावाचं पुस्तक धाकट्या बहिणीला चालत नाही आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारात नेलं तरी त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

कुणी म्हणेल, पुस्तकाचा खर्च तो केवढा? खोली आणि मेस यांच्यापुढे तो किरकोळच आहे. मान्य. पण खोलीचं भाडं माझ्या हातात नाही. फीही नाही, ती सरकारच्या हातात आहे, आणि सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या कितीतरी मुलींची शिक्षण आणि परीक्षा शुल्कं माफही केली. पुस्तकांची यादी मात्र मी करतो. शिक्षकाच्या एका कागदाने कमी होईल असा कॉलेजचा दुसरा खर्च मला दिसत नाही.

ज्या आक्षेपापुढे मी खरंच अडतो, तो वेगळाच आहे. आमच्या कला आणि वाणिज्य शाखेतली बरीच मुलं उत्तरपत्रिका मराठीत लिहितात, आणि एन-लिस्टचा डोलारा जवळजवळ सगळा इंग्रजी. त्यांच्या हातात लॉगिन देणं म्हणजे कुलूप न देता किल्ली देणं. तरीही मराठीत काहीच नाही, हे खरं नाही. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं फुकट उतरवून घेण्यासाठी ठेवली आहेत, आणि त्यांत इतिहास-समाजशास्त्राच्या मुलांना उपयोगी पडावीत अशी पुष्कळ आहेत. डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे राज्य सरकारने छापलेले खंड सरकारी संकेतस्थळांवर मिळतात. पहिला खंड १९७९ चा, जातिव्यवस्थेवरचं न झालेलं लाहोरचं भाषण त्यातच आहे. तरी आमची मुलं त्या भाषणावरचं टिपण गाईडमधून पाठ करतात, कारण यादीत ते कुठे मिळेल हे लिहिलेलं नसतं.

उरलेली पोकळी भरता येते. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने २०१२ पासून पदवीची पाठ्यपुस्तकं फुकट द्यायला सुरुवात केली. त्यांचा परवाना भाषांतराला मोकळीक देतो, आणि भौतिकशास्त्राचे त्यांचे तिन्ही खंड पोलंडमधल्या मंडळींनी पोलिशमध्ये नेऊन तिथल्या विद्यार्थ्यांना फुकट दिले. पोलिश बोलणारे चार-पाच कोटी, मराठी बोलणारे आठ कोटींहून जास्त. गाईड लिहायला आमच्याकडे चार-चार प्राध्यापक मिळतात. भाषांतराला मिळणार नाहीत?

तोवर निदान यादी तरी नीट करू. मे महिन्यात मी एका पेपरची यादी घेऊन ग्रंथपाल मॅडमसमोर बसलो. आठ पुस्तकं होती. तीन ई-संग्रहात सापडली, एक मंडळाच्या संकेतस्थळावर. दोन लायब्ररीत छापील होती, एकेकच प्रत. उरलेली दोन कुठेच नव्हती. त्यातलं एक मी स्वतः कधी पाहिलेलं नाही, आधीच्या यादीतून उतरलेलं. ई-पुस्तकांतही खोड निघाली. एक पुस्तक एका वेळी एकालाच उघडतं, परीक्षेच्या आठवड्यात त्यावर झुंबड उडणार. मॅडम म्हणाल्या, ‘ते प्रकरण ऑगस्टमध्येच शिकवून टाका ना, सर.’ हे मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. दीड तासाचं काम झालं. मुलांना यादी देताना प्रत्येक नावापुढे ते कुठे मिळेल हे लिहिलं, आणि पहिल्याच तासाला सगळ्यांना फोन काढायला लावून लॉगिन उघडून घेतलं. चौदा जणांना पासवर्ड आठवेना. तो तास त्यातच गेला.

मग विभागाच्या बैठकीत मी मांडलं, की अभ्यासक्रमाच्या छापील तक्त्यात ‘ग्रंथालयात ई-प्रत आहे का’ असा एक रकाना असावा. विभागप्रमुख तक्ता उलटसुलट करून म्हणाले, ‘कल्पना चांगली आहे, पण कागदावर जागा कुठे आहे?’ मी म्हटलं, ‘प्रकाशनवर्षाचा रकाना काढा. तो गेली दहा वर्षं रिकामाच आहे.’